दोघी बहिणी, दोघा भावांना दिलेल्या

शीला, तुला जाऊन पंधरा दिवस झाले. आठव्या दिवशी तुझ्या कॉलेजातून फोन आला होता, तुझ्या विभागातले कोणी तरुण सर. वार्षिकांकात तुझ्यावर चार पानं काढायची आहेत, मॅडमची जुनी मैत्रीण म्हणून तुम्ही लिहा, असं म्हणाले. मी म्हटलं, बघते. तर लगेच म्हणतात, "आणि ताई, तो महालक्ष्मीचा किस्सा मात्र आलाच पाहिजे हं. दोघी बहिणी, दोघा भावांना! मॅडम दरवर्षी वर्गात सांगायच्या. पोरं अजून हसतात."

हसतात ना. हसू दे. लिहिते म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं. ते पुसत बसले आणि तुला भरपूर शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये म्हणतात, पण तू मेलीस हे मला अजून पटत नाही, म्हणून चालतं.

तर हे लिहिते आहे. त्यांना छापायचं तर छापतील, नाही तर राहील. पण किस्सा सांगायचाच आहे तर या खेपेला मी सांगणार. इतकी वर्षं तू सांगितलास आणि एकदाही त्यात माझं नाव आलं नाही. मला माझं नाव परत पाहिजे, एवढंच.

तुला आठवतं का, तू पहिल्या दिवशी माझ्या बाकाजवळ येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "इथं कोणी बसते का वं?" बी.ए. पहिलं वर्ष, समाजशास्त्राचा तास. अर्धे बाक रिकामे होते. ज्यांना दुसरा कोणताच विषय मिळाला नाही ते या विषयाला, असं कॉलेजात तोंडावर बोलायचे. तू काटोलकडची, घरी संत्र्याची बाग, हॉस्टेलवर राहणारी. मी नागपूरचीच, रेल्वेतल्या फिटरची पोरगी, घरून डबा आणणारी. हॉस्टेलच्या भाजीला तू रोज नावं ठेवायचीस आणि माझ्या डब्यातली सुकट बोटं चाटून खायचीस. महिन्याभरात आई तुझ्यासाठी वेगळा डबा बांधायला लागली. तू आमच्या घरी इतकी जेवलीस की आमच्या गल्लीतली कुत्री तुला ओळखायची.

त्या विषयानं आपल्याला येड लावलं होतं, हे मात्र खरं. कुटुंब, विवाह, धर्म, जात, शिक्षण. सर फळ्यावर एकेक सामाजिक संस्था लिहायचे आणि आपण संध्याकाळी शहरभर ती शोधत फिरायचो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तू म्हणायचीस, "पाय, हे चौघं रोज इथं येतात, हा प्राथमिक समूह. तो घाईघाईत खाऊन चालला, तो दुय्यम." ठेलेवाल्या काकांना वाटायचं आपण त्यांच्या पोह्याबद्दल काही बोलून राहिलो. मी मामाच्या लग्नाला जाऊन आले की तू वही काढून बसायचीस. कोण कोणाला दिली, कोण कोणाच्या पाया पडलं, आहेर कोणी आधी केला. पुरुषाचा त्रिकोण, बाईचं वर्तुळ, मध्ये रेघा. नातेसंबंधाच्या पेपरात तू वर्गात पहिली आली होतीस. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तू जी चूक केलीस ती त्या पेपरात पहिल्या आलेल्या मुलीनं करायची नव्हती.

आणि हेही लिहून ठेवते, नाही तर लोक म्हणतील बाई नुसती गरळ ओकून राहिली. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी माझे बाबा मेडिकलला भरती होते. मी वर्ग सोडला होता, परीक्षाही सोडणार होते. तू रोज दुपारी बस पकडून यायचीस, वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर बसायचीस आणि स्वतःच्या नोट्स मला मोठ्यानं वाचून दाखवायचीस. येणारे-जाणारे बघायचे. एका आयाबाईनं विचारलं, पोथी वाचता का? तू म्हणालीस, हो मावशी, समाजाची. मी पास झाले ती तुझ्या आवाजामुळे. बाबा गेले तेव्हा आईला तूच धरून बसली होतीस. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्यावर सरळ रागावता आलं असतं आणि काम सोपं झालं असतं.

तिसऱ्या वर्षाला सर्वेक्षण आलं. नव्या वस्तीतले शेजारसंबंध. सरांनी जोड्या पाडल्या आणि आपल्या वाट्याला मनीषनगर आलं. तेव्हाचं मनीषनगर म्हणजे चार बंगले, मग दोन मोकळे प्लॉट, प्लॉटात गाजरगवत, मग पुन्हा चार बंगले. सर्वेक्षणाची रीत आपण ठरवून टाकली होती. तू विचारायचीस, मी लिहायचे. तुझं तोंड गोड, माझं अक्षर जलद. सरांनी दहादा बजावलं होतं, घरात शिरल्यावर आधी रॅपो तयार करा. समोरच्या माणसाला आपण परके वाटता कामा नये, तरच तो मन मोकळं करतो. ते वाक्य आपण वहीत लाल शाईनं लिहिलं होतं.

त्या दिवशी महालक्ष्म्या होत्या. नागपुरात त्या दिवशी कोणाच्या दारात जाल तर जेवल्याशिवाय सुटका नसते. आपण गेलो त्या बंगल्यातल्या काकू हळदीच्या हातानंच दार उघडायला आल्या. आत महालक्ष्म्या बसवलेल्या, शेवंतीच्या वेण्या, फराळाच्या राशी. कॉलेजच्या पोरी म्हटल्यावर त्या खूश झाल्या. "बरं झालं वं आल्या. आता जेवूनच जा दोघी." पाणी आणून दिलं, आणि पाणी हातात देता देताच विचारलं, "नावं काय तुमची? कोणाच्या तुम्ही?"

कोणाच्या तुम्ही. नागपुरात हे विचारतात तेव्हा काय विचारतात, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं होतं, शीला. माझं नाव माझ्या ओठावर होतं. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

"मी शीला भोयर. काटोलकडचे आम्ही. अन् हे छाया, माही मावसबहीण. छाया भोयर."

काकू पदर खोचता खोचता थांबल्या. "मावसबहीण, अन् आडनाव एकच कसं वं?"

घ्या! नातेसंबंधात पहिली. मावसबहिणीचं आडनाव आपलंच सांगून बसली. चुलतबहीण म्हटलं असतंस तर काही प्रश्नच नव्हता. पण तू भोयरांची, बोलण्यात कोण हरवणार तुला. पापणी न हलवता म्हणालीस, "दोघी बहिणी दोघा भावांले देल्या ना काकू. आमच्या आया सख्ख्या बहिणी अन् बाबा सख्खे भाऊ."

काकू एकदम खुलल्या. "हे बरं असते बाप्पा! घरातल्या घरात. जावाजावांची कटकट नाही." आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

माझी आई त्या वेळी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत असेल. तिला काय माहीत की मनीषनगरातल्या एका बंगल्यात तिचं दुसरं लग्न लागून गेलं, आणि माझे बाबा, जाऊन वर्ष न झालेले, काटोलचे बागायतदार झाले. माझे आजोबा छपन्न साली दीक्षाभूमीवर धुतलेला सदरा घालून उभे होते. त्यांनी गाव सोडलं, गावकीची कामं सोडली, देव सोडले. आडनाव नाही सोडलं. म्हणायचे, त्याच्यात लाज कायची, लाज त्यायले वाटू दे. ते आडनाव तू पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत पुसलंस.

मग मुलाखत झाली. तू विचारलंस, शेजारी कोणत्या जातीचा असला तर चालेल? काकू म्हणाल्या, "आम्ही काही मानत नाही. सगळे सारखेच." मी लिहिलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, माझ्याकडे बरं का, तुझ्याकडे नाही, "हे नको लिहू बेटा. पण मागच्या रांगेत त्यांचे दोन प्लॉट झाले. शिकलेले हायेत, नोकरीवाले हायेत, वाईट काही नाही. पण हळदीकुंकवाले बोलवाचं तं कसं अन् नाही बोलवाचं तं कसं? पंचाईत होऊन बसली बाप्पा." मी मान डोलावली. तीसुद्धा घरच्या माणसासारखी. आणि मग मी जेवले. पुरणपोळी, कढी, अंबील, वडे, सोळा भाज्यांची भाजी. दोन पोळ्या खाल्ल्या. जेवण फार चांगलं होतं, याचाच मला पुढे कितीतरी दिवस राग आला.

बसस्टॉपवर तू उड्या मारत होतीस. "पायलं काय कसं निपटवलं? इतकं मोकळं कोणी बोललं होतं का आजपर्यंत?"

मी म्हटलं, "माझं नाव मला सांगायचं होतं."

"अन् मंग? पानावरून उठवलं असतं तुले."

"उठवू द्यायचं होतं ना. तेच तर आपल्याला लिहायचं होतं. तेच आपलं उत्तर होतं."

"येडी झाली काय? तुहा अपमान झाला असता. मी तुह्यासाठी केलं अन् तू मलेच बोलून राहिली?"

बस आली. तू खिडकीची जागा मला दिलीस. तेव्हा सुचलं नाही ते आता सांगते. माझा अपमान झाला असता तर तो काकूंनी केला असता आणि मी तो त्यांच्या नावावर लिहिला असता, शुद्ध अक्षरात, तारीख घालून. तू तो स्वतः केलास आणि वर आभाराची वाट बघत बसलीस.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा मी त्या मुलाखतीखाली एक टीप लिहिली होती. चार ओळींची. मुलाखत घेणाऱ्या दोघींपैकी एकीचं आडनाव खोटं सांगितलं गेलं, त्यामुळे वरील उत्तर त्या प्रकाशात वाचावं. पक्की प्रत तुझ्या हातची होती, तुझं अक्षर सुंदर म्हणून. तीत टीप नव्हती. मी विचारलं तर म्हणालीस, "सरांनी तोंडी परीक्षेत पकडलं असतं. दोघींचेही मार्क गेले असते. अन् कोणाले काय फरक पडते वं?" आपल्याला सगळ्यात जास्त मार्क मिळाले. सरांनी वर्गात अहवाल उंच धरून दाखवला, रॅपो कसा असावा तो असा, म्हणाले. तू माझा हात दाबलास. मी काढून घेतला नाही.

नंतरचं सगळं सरळ गेलं, निदान वरून. तू एम.ए. केलंस, पुढे पीएच.डी., मग नोकरी, मग विभागप्रमुख. मी बाबांच्या माघारी नोकरी धरली, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात, टाइम ऑफिसला. हजेरीच्या कामापासून सुरुवात करून आज तिथली सगळी माणसं माझ्या हाताखालून जातात. बिहार, ओडिशाहून पोरं येतात, खिडकीशी उभी राहतात, मी विचारते नाव. एखादा नुसतं पाळण्यातलं नाव सांगतो आणि थांबतो. मी पेन खाली ठेवून म्हणते, पूरा नाम बताओ बेटा, यहाँ कोई डर नहीं. माझ्या ऑफिसातल्या पोरींना वाटतं मॅडम नियमाच्या पक्क्या आहेत.

तू लग्न करून एका दिवसात आडनावानं भोयरची झाडे झालीस. पत्रिकेवर, पाटीवर, मस्टरवर. मी लग्नानंतरही गजभियेच राहिले. माझ्या नवऱ्याच्या घरच्यांना वाटलं शिकलेल्या बायकांची फॅशन. तूही म्हणालीस, वा छाया, एकदम पुरोगामी! मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तुला खरंच काही आठवत नव्हतं, का तू मुद्दाम असं करत होतीस, हे मला तेव्हाही कळलं नाही.

गेल्या वर्षी कळलं. तुझ्या विभागाच्या अभ्यासमंडळाचं उद्घाटन होतं आणि तू मला पाहुणी म्हणून बोलावलंस. औद्योगिक कामगारांवर बोल म्हणालीस. मी नवी साडी नेसले. आईला फोन करून सांगितलं, शीलानं बोलावलं, कॉलेजात भाषण आहे. आई रडली. तू माझा परिचय करून द्यायला उठलीस आणि माझ्या नोकरीबद्दल दोन वाक्यं बोलून म्हणालीस, "पण मुलांनो, रॅपोचा आपला तो किस्सा आठवतो ना?" अख्खा हॉल हसला. ठाऊक होता सगळ्यांना. तू पुन्हा सांगितलास, पहिल्यापासून, आवाज काढून. काकूंचा पदर, कोणाच्या तुम्ही, मावसबहीण, आणि मग दोन्ही हात पसरून, "दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या ना काकू!" टाळ्या. पोरं बाकं बडवत होती. आणि मग तू माझ्याकडे बोट केलंस. "ती माझी मावसबहीण आज तुमच्यासमोर बसली आहे!"

दीडशे पोरांनी वळून बघितलं. त्यातल्या निम्म्यांची आडनावं माझ्यासारखी असतील, शीला, तुझ्याच मस्टरमध्ये बघ. काही हसत होती. काही हसायचं का नाही ते शेजारच्याकडे बघून ठरवत होती. मी काय केलं? मी हसले. हात जोडले. उठून पंधरा मिनिटं किमान वेतन आणि पाळीच्या वेळा यावर बोलले. तू शाल दिलीस ती घेतली.

गेटशी एक मुलगी माझ्यामागे धावत आली. बारीकशी, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही स्वतः का नाही सांगितलं तुमचं नाव?" उद्धटपणे नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, वेळच मिळाला नाही. ती म्हणाली, "आणि आज?"

मी ऑटोत बसून घरी आले. साडी न बदलता तुला फोन लावला. आठवतं ना काय काय बोललो? मी म्हटलं, तू हे किती वर्षं सांगते आहेस? तू म्हणालीस, अगं पहिल्या नोकरीपासून, पोरांना नातेसंबंध फार रटाळ वाटतो, हा किस्सा सांगितला की जागी होतात. मी म्हटलं, त्यात मी आहे. तू म्हणालीस, "अगं, पण मी तुझं नाव थोडीच घेते! नाव कधीच घेत नाही, शप्पथ." मी म्हटलं, तेच तर. तुला तरीही कळलं नाही. मग मीही जे नाही बोलायचं ते बोलले. म्हटलं, तू जात शिकवतेस आणि तुझ्याइतकी जात कोणी पाळत नसेल. तू रडायला लागलीस. म्हणालीस, "तुझ्या बाबांच्या वेळेस पायऱ्यांवर बसली ते कोण होती मंग? ते पण जात होती काय?" मी फोन ठेवून दिला. पायऱ्यांवर बसलेली तूच आणि काकूंसमोर बसलेली तूच.

मग चौदा महिने आपण बोललो नाही. दिवाळीला तू पणतीचं चित्र पाठवलंस, मी हात जोडल्याचं. मे महिन्यात तू तीन फोन केलेस, एका आठवड्यात तीन. मी उचलला नाही. मला वाटलं, अजून थोडं वाट बघू दे. माफी मागायची तर नीट मागू दे. मग तू परीक्षेच्या ड्यूटीवर असताना वर्गाच्या दारात कोसळलीस आणि संपलं. तू माफी मागणार होतीस का पुन्हा तेच म्हणणार होतीस, की मी तुझ्यासाठीच केलं वं? आता मी काहीही समजू शकते. ही चांगली शिक्षा दिलीस.

रविवारी तुझ्या तेरवीला आले, नंदनवनला, तुझ्या घरी. झाडे भाऊजी दारातच भेटले, बिचारे अर्धे झालेत. आत बायकांमध्ये तुझी आई बसली होती, भिंतीला टेकून, नऊवारी, कपाळ मोकळं. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. सगळ्यांना वाटलं जुन्या मैत्रिणी, एकमेकींची घरं ओळखत असतील. तुझ्या गावी मी कधी आलेच नाही. दर वेळी तुझं काहीतरी असायचं. घराला रंग चालू आहे. आजी आजारी आहे. एसटीचा संप. एकदा मी फारच लावून धरलं तर डोळे खाली करून म्हणालीस, "आई जुन्या वळणाची हाय वं. समजून घे ना." मी समजून घेतलं. मग कधी विषय काढला नाही. पंचवीस वर्षं मी त्या बाईवर राग धरला आणि तुला माफ करत आले. शीला कशी आहे, तर आईपुढे तिचं चालत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मी जवळ जाऊन बसले. पाया पडले. तिनं डोळे बारीक करून बघितलं. "तू कोन वं बाई?"

"मी छाया. छाया गजभिये. शीलासोबत कॉलेजात होते."

"छाया? ते छाया?" तिनं माझा हात धरला, आणि तिचा चेहरा बदलला. प्रेमानं नाही. रुसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा होतो तसा झाला. "आता आली व्हय वं? माही पोर गेल्यावर? म्या किती खेपा बलावलं तुले. माही सासू होती तवर नाही म्हनत म्या, तवा नसतं जमलं. पन ते गेली, तवापासून दरसाली सांगो. हुरड्याले आन तिले. पोयाच्या सणाले आन. तू कालेजात होती तवा तिच्या मायनं तुले लेकीवानी जेवू घातलं, आपल्याकडचे दोन घास तिले खाऊ दे. तं शीला म्हने, ते येत नाही आई. तिले खेड्यातलं जमत नाही. आपल्या घरी तिले आवडत नाही." हात तिनं सोडला नव्हता. "म्या म्हटलं, शिकलेली हाय, मोठ्या नोकरीवर हाय, येईन काहून माह्या मातीच्या घरी. एवढा गर्व चांगला नसते बाई."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे तुझ्या आईपुढे मी गर्विष्ठ आणि माझ्यापुढे तुझी आई सोवळी. आम्हा दोघींच्या मध्ये तू उभी, दोघींची मर्जी राखून. तुला आईची भीती नव्हती, मग कशाची होती? मी आले असते आणि काही झालंच नसतं, याची?

काय करायचं ते ठरवायला मला फार वेळ नव्हता. तेरा दिवसांपूर्वी जिची पोटची पोर गेली ती माझा हात धरून बसली होती. हो मावशी, चुकलंच माझं, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. तिला बरं वाटलं असतं. तुझ्यासाठी अजून एकदा मी दुसरीच कोणीतरी झाले असते, फक्त या वेळी गर्विष्ठ. एवढं तर मी तुझ्यासाठी करू शकले असते.

मी म्हटलं, "मावशी, मला कधी कोणी बोलावलंच नाही. शीला म्हणायची, तुम्हाला चालणार नाही."

झाडे भाऊजी दारातून म्हणाले, "ताई, जाऊ द्या ना आता..." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तुझ्या आईनं हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. तिनं पंख्याखाली हलणाऱ्या तुझ्या फोटोच्या हाराकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "माही पोर मले खोटं बोलली?" तिनं पुन्हा मला विचारलं, बायकांना नाही, मला, "काहून बोलली असन वं?"

तीन वर्षं तुझ्यासोबत एका बाकावर बसून मी तो विषय शिकले. कारणं मला पाठ आहेत. तिला एकही सांगता आलं नाही. मला वाटलं होतं, एकदा खरं बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. तुझी आई तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि ते रडणं तेरवीला रडतात तसं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. मे महिन्यात तुझा फोन उचलून तुला जे खरं ऐकवायचं होतं, ते मी तुझ्या आईला ऐकवलं होतं.